सुसर आणि वाळूवरचं लायकेन: तुलना करायची तर आधी ते टेबल फाड

चोपड्याच्या एका टीवाय बीएस्सीच्या मुलीचा प्रश्न आलाय. प्रोजेक्टला धोक्यातल्या दोन प्रजातींची तुलना करायचीय, सरांची अट अशी की दोन्ही एकमेकांपासून जितक्या लांब तितकं बरं, म्हणून तिने एक घडियाल म्हणजे आपल्या मराठीतली सुसर घेतली आणि दुसरं फ्लोरिडातलं क्लॅडोनिया परफोराटा नावाचं लायकेन. आता टेबल केलं तर प्रत्येक ओळीत नुसता फरकच येतोय, साम्य एक नाही, मग तुलना करू कशाची? आणि जास्त धोक्यात कोण, हा दुसरा प्रश्न.

आधी माझं सांगतो म्हणजे किती विश्वास ठेवायचा ते तू ठरव. मी मूळचा सरपटणाऱ्या प्राण्यांचा माणूस, घर भुसावळला, मगरी-सुसरी-कासवांच्या मागे बऱ्याच नद्या फिरलोय आणि चंबळवर घरट्यांच्या सीझनला बरंच काम केलंय. लायकेनकडे उशिरा वळलो, तेही पाल-यावलच्या जंगलात खोडं बघत बघत. फ्लोरिडाला काही मी गेलेलो नाही, तिथलं जे सांगेन ते वाचून आणि त्या विषयातल्या लोकांना विचारून विचारून.

तर ते टेबल फाड. एक प्राणी, दुसरं बुरशी आणि शैवाल यांची जोडी, एक पाच-सहा मीटर लांब, दुसरं दोन-अडीच इंच उंच, एक मासे खातं, दुसरं ऊन आणि हवेतल्या ओलाव्यावर जगतं, हे सगळं तुझ्या परीक्षकाला आधीच माहितीये, त्याला नवीन काय मिळालं? तुलना करायची तर दोघांना एकच प्रश्न विचारायचा आणि उत्तरं कुठे फाटतात ते बघायचं. तू जोडी निवडली ती बहुतेक नेटवर यादी बघून, पण त्या जोडीत तो प्रश्न आयताच आलाय, आणि तो आपल्या खान्देशातल्या माणसाला तर लगेच कळावा असा आहे, कारण आपल्याकडे त्यावरून रात्री डंपर पळतात. वाळू. दोघांचाही जीव उघड्या, मोकळ्या वाळूत अडकलाय.

सुसरीचं आधी घे. भुसावळहून पंजाब मेलने गेलीस तर मुरैना सोडलं की धौलपूरच्या अलीकडे गाडी चंबळच्या पुलावरून जाते, दिवसाउजेडी जाते म्हणून खिडकीतून खाली बघायचं, पाणी निळसर आणि कडेला लांबच लांब पांढुरकी वाळू. जगातल्या बहुतेक सगळ्या घडियाली ह्या एका नदीत उरल्यात. मार्च-एप्रिलमध्ये मादी रात्रीची त्या वाळूवर चढते. लगेच अंडी नाही घालत, आधी एकदोन ठिकाणी उकरून बघते आणि अर्धवट खड्डा तसाच सोडून पुढे जाते. असल्या सोडलेल्या खड्ड्यात सकाळी हात घालून बघितला की तिचं गणित थोडं कळायला लागतं. वरची वाळू कोरडी, भुसभुशीत, कडा ढासळत असतात, मग कोपराच्या आसपास हात गेला की गार आणि किंचित दमट लागते, मूठ वळली तर जेमतेम वळेल एवढी. तिला तेवढाच दमटपणा हवाय, त्याच्या खाली पाणी लागलं तर अंडी कुजली आणि वर राहिली तर भाजली. शिवाय घरट्यातल्या तापमानावर पिल्लू नर की मादी ते ठरतं, म्हणजे वाळूची जाडी आणि ओल ही नुसती सोयीची गोष्ट नाही, पुढच्या पिढीत नर किती आणि माद्या किती हेही त्या खड्ड्यातच ठरतंय.

एका खड्ड्यात साधारण ३० ते ५० अंडी, ती दोन-अडीच महिने वाळूत. जूनमध्ये पावसाच्या तोंडावर पिल्लं अंड्यातूनच आवाज द्यायला लागतात आणि मादी येऊन वाळू उकरते. मगरीसारखं ती पिल्लाला तोंडात धरून पाण्यात नेत नाही, तसला जबडाच नाही तिचा, तो मासे पकडायला बनलेला लांबट बारीक चिमटा. पिल्लं स्वतःच उतरतात आणि मग काठालगत घोळक्याने राहतात, त्या घोळक्याजवळ एखादा मोठा नर असतो, नाकाच्या टोकावर घड्यासारखा फुगवटा असलेला, आणि पिल्लं बिनधास्त त्याच्या पाठीवर चढून बसतात. मग येतो पूर, आणि बहुतेक पिल्लं पहिल्याच पावसाळ्यात जातात. हे नैसर्गिक आहे, आधीही असंच होतं, त्यासाठीच एवढी अंडी.

आता मुद्दा असा की वाळू म्हणजे कुठलीही वाळू चालत नाही. पाण्यापासून पुरेशी उंच पाहिजे, पण लांब नको, कारण मोठी सुसर जमिनीवर धड चालतच नाही, पोटावर ढकलत ढकलत जाते, आणि समोर डोह खोल पाहिजे म्हणजे काही झालं की सरळ घसरून आत. मगर ह्याबाबतीत फार सोशिक. ती मातीच्या काठावरही अंडी घालते, बिळं करते, तळं आटलं तर पायी दुसरीकडे जाते, जे मिळेल ते खाते, म्हणून तर धरणाच्या फुगवट्यातही ती टिकते. सुसरीला वाहती नदी आणि ताजी वाळू लागते, त्यात तडजोड नाही.

ताजी हा शब्द लिहून ठेव. पूर येतो तो जुना थर नेतो, वर उगवलेली झुडपं उपटतो आणि नवीन वाळू टाकून जातो, म्हणजे दरवर्षीची ती मोडतोड हीच तिच्या घराची डागडुजी. चंबळवर वरच्या अंगाला गांधीसागर, राणाप्रताप सागर, जवाहर सागर ही धरणं आणि खाली कोटा बॅरेज. पाणी अडलं की पूर बारीक, पूर बारीक की वाळू येत नाही, आहे त्या वाळूवर गवत-झुडूप माजतं, आणि भलत्या वेळी पाणी सोडलं तर घरटी बुडतात. त्यात खाली ट्रॅक्टर. अभयारण्यात वाळूउपसा बंद असूनही तो चालतो हे तिथल्या पोरासोरांनाही ठाऊक असतं. वर राहिलेल्या वाळूत काकडी-टरबुजाच्या वाड्या, आपल्याकडे तापीच्या पात्रात डांगराच्या लागतात तशाच, त्यामुळे माणूस, कुत्री, जाळी, सगळं सुसरीच्या अंगणात.

इतिहास थोडक्यात, कारण तो तू कुठूनही काढशील. १९७० च्या दशकात रानात २०० पेक्षाही कमी उरल्यात असा अंदाज होता, १९७५ ला मगर प्रकल्प सुरू झाला, अंडी गोळा करून उबवायची, पिल्लं साधारण सव्वा मीटरची होईपर्यंत वाढवायची आणि नदीत सोडायची. ओडिशातल्या नंदनकाननमध्ये १९८० ला पिंजऱ्यातली पहिली पिल्लं निघाली, त्यासाठी नर जर्मनीतल्या फ्रँकफर्टच्या झूमधून मागवावा लागला होता, इतकी आपल्याकडे मारामार. राष्ट्रीय चंबळ अभयारण्य याच काळातलं. हजारो पिल्लं सोडली गेली आणि सगळे खूश, काम फत्ते. मग पुढे मोजलं तर १९९७ ला ४३६ असलेले प्रौढ २००६ ला १८२ वर आलेले, म्हणून २००७ ला आययूसीएनने, म्हणजे निसर्ग जपणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेने, धोक्यातल्या प्रजातींच्या आपल्या रेड लिस्टमध्ये तिला अतिसंकटग्रस्त ठरवलं, आणि त्याच हिवाळ्यात चंबळमध्ये शंभरावर घडियाल मेल्या, शवविच्छेदनात किडनी गेलेली आणि गाऊट, म्हणजे अंगात युरिक ॲसिड साठलेलं, संशय कुठल्यातरी विषारी घटकावर.

यातून मी काय घेतलं ते सांगतो. पिल्लं टाकीत वाढवता येतात, वाळू टाकीत वाढवता येत नाही. आपण सुसरी बनवत राहिलो आणि त्या ज्या जागेवर उतरणार ती जागा खालून निघून जात होती. सुसर कित्येक दशकं जगते, त्यामुळे घरटी बंद पडली तरी नदीत मोठमोठी जनावरं ऊन खात पडलेली दिसतात, पर्यटक फोटो काढतात, सगळं छान वाटतं, आणि खालून नवीन कोणी येत नसतं. म्हणून माझ्या दृष्टीने सुसरीचा आकडा बघायचाच असेल तर प्रौढांचा कमी आणि घरट्यांचा जास्त बघ.

आता लायकेन. बऱ्याच जणांना वाटतं हे काहीतरी परदेशी प्रकरण आहे, तर घरातला मसाल्याचा डबा उघड. आपल्या काळ्या मसाल्यात जे दगडफूल पडतं ते लायकेनच. एक तुकडा घे, वरची बाजू राखाडी, खालची काळी, कडेला झालर, हातात कागदासारखा कुरकुरतो. बशीत पाण्याचे चार थेंब टाक आणि हातभिंगाने बघत बस, बघता बघता तो मऊ पडतो आणि राखाडीतून हिरवट झाक वर येते, ते आतलं शैवाल, बुरशीच्या पातळ पडद्याखालून दिसायला लागलेलं. जिवंत असताना तो हेच करतो. मूळ नाही, खोड नाही, पाणी ओढायची सोय नाही, दव पडलं की जागा, ऊन चढलं की वाळून गप्प. वाढ वर्षाला काही मिलिमीटर. हवेत जे असेल ते अंगात घेतो, म्हणून गंधकाचा धूर असला की आधी हेच जातात, ते तू पर्यावरणाच्या पेपरला लिहिलं असशीलच. प्रोजेक्टमध्ये परत लिहू नको, क्लॅडोनियाचं दुखणं धूर नाहीये.

क्लॅडोनिया परफोराटा झाडावर नाही, दगडावर नाही, थेट वाळूवर असते. नुसती पडलेली असते, चिकटलेलीही नाही, फांद्याफांद्यांचा पिवळट-करडा झुबका, आणि फांदी जिथे फुटते तिथे आरपार भोक, त्यावरून नाव पडलं. जगात फक्त फ्लोरिडा राज्यात. तिथे मधोमध लेक वेल्स रिज म्हणून जुन्या वाळूच्या टेकड्यांची रांग आहे, समुद्र वर होता तेव्हा ही बेटं होती, त्या पांढऱ्याशुभ्र वाळूवर खुरटी झुडपं आणि मध्ये मध्ये उघडे पट्टे, ती त्या पट्ट्यांत. शिवाय किनाऱ्यावरच्या काही वाळूवर. ह्या टेकड्या उंच, कोरड्या, बांधकामाला आणि संत्र्याच्या बागांना एकदम झकास, त्यामुळे बहुतेक जमीन तिकडे गेली. उरलेल्या तुकड्यांत ही उरली. १९९३ ला अमेरिकेच्या धोक्यातल्या प्रजातींच्या कायद्याखाली आली, त्या यादीतलं हे पहिलंच लायकेन. आययूसीएनच्या रेड लिस्टमध्येही बरीच वर्षं लायकेन म्हणून दोनच नावं होती, त्यातलं एक हिचं.

आता बघ तुलना कशी आपोआप उभी राहते. सुसरीची वाळू पाणी हलवतं, हिची वाळू आग उघडी ठेवते. त्या झुडपी रानात अधूनमधून वणवा लागतो, झुडपं जळतात, पालापाचोळा जातो, वाळू मोकळी होते. पण तोच वणवा अंगावरून गेला तर क्लॅडोनिया खलास, पळता येत नाही, जमिनीखाली मूळ नाही की परत फुटेल. म्हणजे आग पाहिजे पण शेजारी पाहिजे, तिच्यावर नको, आणि वर्षानुवर्षं आग लागूच दिली नाही तरी झुडपं दाटून, पाला साठून ती गुदमरते. सुसरीचंही तेच, पूर पाहिजे, पण मे महिन्यात नको. दोघीही मोडतोडीवर जगणाऱ्या, फक्त ती मोडतोड योग्य वेळेला, योग्य अंतरावर आणि योग्य मापाची पाहिजे, आणि माणसाने नेमकं तेच माप बिघडवलंय, कुठे धरण बांधून, कुठे आग विझवून. हे वाक्य तुझ्या प्रोजेक्टचा कणा समज, बाकी सगळं ह्याच्या भोवती लाव.

फरक कुठे, तर पिढी पुढे नेण्यात. सुसर अंडी घालते, दोन आईबापांचं मिश्रण, एका घरट्यातही सगळी भावंडं वेगळी. क्लॅडोनिया परफोराटाला बीजाणू तयार करताना कोणी बघितलेलं नाही. ती पुढे जाते ती फक्त तुकडे पडून, कोरडी असताना पाय पडला, वारा आला, तुकडा उडाला, पुढे जाऊन पडला, तिथे वाढला. आपल्याकडची केळी आठव, सगळी बाग एकाच रोपाची नक्कल, म्हणून एक रोग आला की शिवारच्या शिवार झोपतं. तशीच हिची अवस्था, दिसायला झुबके खूप पण आत विविधता फार कमी, आणि लांबचं नवीन ठिकाण गाठायची ताकद जवळपास नाहीच, तुकडा वाऱ्याने जाईल तेवढाच. मध्ये रस्ता, बंगले, बाग आली की संपलं.

१९९५ ला ऑक्टोबरमध्ये ओपल नावाचं चक्रीवादळ आलं, किनाऱ्यावरच्या सांता रोसा बेटावर हिची काही ठिकाणं होती, समुद्राचं पाणी वाळूवरून फिरलं आणि तिथली बरीचशी क्लॅडोनिया वाळूसकट गेली. बांधलेलीच नव्हती ना ती. नंतर उरलेल्या ठिकाणचे तुकडे नेऊन परत टाकायचे प्रयत्न झाले. आपण चंबळमध्ये पिल्लं सोडली त्याचाच हा भाऊ, फक्त इथे टाकी नाही, पिंजरा नाही, फ्रँकफर्टहून नर मागवायचा नाही, मूठभर तुकडे आणि योग्य वाळू. तुकडा टाकणं सोपं, योग्य वाळू सापडणं अवघड, म्हणजे गाडी परत तिथेच आली.

मोजण्याचाही घोळ लिही, परीक्षकाला आवडेल. सुसर मोजता येते, हिवाळ्यात ऊन खायला बाहेर येतात तेव्हा बोटीतून जायचं आणि लांबीप्रमाणे गट करायचे. लायकेनमध्ये एक म्हणजे काय? एक झुबका पायाखाली येऊन चार झाला तर लोकसंख्या चौपट झाली का? म्हणून तिथे शक्यतो ठिकाणं मोजतात, किती वाळूवर पसरलीये ते मोजतात. तेव्हा आकडा विरुद्ध आकडा असा तक्ता अजिबात टाकू नको, तो दिसायला भारी आणि अर्थाने फोल.

जास्त धोक्यात कोण? रेड लिस्टच्या हिशोबाने सुसर एक पायरी वर, ती अतिसंकटग्रस्त, क्लॅडोनिया संकटग्रस्त. माझंही मत सुसरीकडेच झुकतं पण कारण वेगळं. क्लॅडोनिया वाचवायला काही ठिकाणची जमीन ताब्यात घेतली, कुंपण घातलं, गाड्या आणि पाय बाहेर ठेवले, आग लावताना तिचे पट्टे वगळले, तर काम बऱ्यापैकी होतं, थोड्या एकरांचा मामला आहे. सुसरीला शेकडो किलोमीटर नदी पाहिजे, वरच्या राज्याने पाणी कधी सोडायचं, खालच्या राज्याने जाळी कधी उचलायची, मधल्या जिल्ह्यात ट्रॅक्टर कोण अडवणार, हे सगळं जुळायला पाहिजे. ते जुळवणं मी जवळून बघितलंय, म्हणून बोलतोय. पण उलट बाजूही आहे. सुसरीला चेहरा आहे, तिच्या नावाने पैसा येतो, आपल्या १९७२ च्या वन्यजीव कायद्यात ती पहिल्या परिशिष्टात. त्याच कायद्यात २०२२ च्या दुरुस्तीआधी वनस्पतींसाठी जे सहावं परिशिष्ट होतं त्यात नावं सहाच होती, लायकेन एकही नव्हतं, आणि दगडफूल तर आपण किलोवर विकत घेतो. लायकेन गेलं तर पेपरात दोन ओळीसुद्धा येत नाहीत. लखनौच्या एनबीआरआय ह्या वनस्पती संशोधन संस्थेत आणि पुण्याच्या आघारकर संस्थेत लायकेनवर चांगलं काम झालंय, त्यांचे पेपर काढून वाच.

शेवटचं, सर लोकल अँगल मागणारच. तापीत सुसर शोधायला जाऊ नको, तिचा मुलूख सिंधू, गंगा, ब्रह्मपुत्रा, महानदी ह्या बाजूचा, आपल्याकडे मिळाली तर मगर मिळेल, आणि गावातला माणूस तिलाच सुसर म्हणेल, वाद घालू नको. त्यापेक्षा वाळूच मोज. गिरणेचा किंवा तापीचा एखादा छोटा टप्पा घे, मार्चमध्ये पाणी उतरलं की बघ पाण्याबाहेर उंच उघडी वाळू कुठे उरलीये, कुठे खडक आणि चिखलच लागलाय, कुठे वेडी बाभूळ चढलीये. नदीसुरयसारखे पक्षी असल्या वाळूवर उघड्यावरच अंडी घालतात, दिसले तर लांबूनच दुर्बिणीने नोंद कर, जवळ गेलीस की ते उठतात आणि उन्हात अंडी भाजतात. लायकेनसाठी पालच्या जंगलातली काही खोडं आणि तुमच्या कॉलेजच्या रस्त्यावरची काही खोडं, झाडाची जात आणि उंची सारखी ठेवून, एवढं पुरे.

नदीवर जाताना दोघी-तिघी मिळून जा, घरी सांगून जा, दिवसा जा आणि ऊन चढायच्या आत परत या. डंपर-ट्रॅक्टर उभे दिसले तर मोबाईल खिशात ठेवायचा आणि सरळ पुढे निघायचं, फोटो काढत बसायचं नाही, प्रोजेक्ट झूलॉजीचा आहे.